बराकीतला पहिला तास

आपल्या महाविद्यालयाचा इतिहास जिथे जिथे छापला गेला, तिथे एक वाक्य हमखास सापडतं: सुरुवातीचे वर्ग छावणीतल्या लष्करी बराकींत भरत असत. पुढच्याच ओळीत १ सप्टेंबर १९५१ उजाडतो, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद येतात, कोनशिला बसते, नागसेनवनाचा माळ हिरवा व्हायला लागतो आणि बराक मागे पडते. पाऊण शतकाच्या वाटचालीत त्या दिवसांना एक वाक्य पुरे, असं कुणालाही वाटेल. या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा मला मात्र त्या वाक्याच्या पुढे जाववेना. मिलिंद महाविद्यालयाच्या डोक्यावर पहिलं छप्पर धरलं ते त्या बराकींनी. त्या छावणीत आधी कोण राहून गेलं, कुणाच्या पैशावर राहिलं आणि कुणाला तिथून बाहेर काढलं गेलं, हे कळलं की जून १९५० मध्ये तिथे भरलेल्या पहिल्या तासाचं वजन कळतं.

'छावणी' हा शब्द आपल्याच मातीतला. छावणं म्हणजे घर शाकारणं, वर आच्छादन घालणं. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत, आणि पावसाळ्यात जिथे मुक्काम पडे तिथे छपरं उभारून राहत, ती छावणी. दुष्काळात मराठवाड्यातला शेतकरी जनावरं घेऊन जातो तीही छावणीच. इंग्रजांनी सरकारी कागदावर 'कॅन्टोन्मेंट' लिहिलं, पण या शहरानं ते तोंडात घेतलं नाही. आजही रिक्षावाल्याला 'छावणी' एवढं म्हटलं की पुरतं. गुरुवारच्या आठवडी बाजाराला खेड्यापाड्यांतून येणारा माणूस तर दुसरं नाव ओळखतच नाही.

ही छावणी शहराच्या पश्चिमेला, खाम नदीच्या पलीकडे. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, औरंगजेबाच्या काळात तिचं औरंगाबाद झालं, भोवती तट आणि दरवाजे उभे राहिले. ते शहर तटाच्या आत होतं. छावणी तटाबाहेर, नदीपलीकडे मोकळ्यावर वसली. जुन्या शहरातल्या गल्ल्या वळतात, अडतात, पुन्हा वळतात. छावणीतले रस्ते सरळ आखलेले, झाडं ओळीत, बंगल्यांची आवारं ऐसपैस. दोन्हींच्या मध्ये खाम आणि तिच्यावरचा लोखंडी पूल. पूल ओलांडला की राज्य बदलत असे, असं म्हटलं तर फारसं चुकत नाही. शहरात निजामाचा अंमल, छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांचा.

हा दुहेरी अंमल आला कसा, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. निजामानं १७९८ आणि १८०० च्या तहांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. तिच्याखेरीज आणखी एक फौज हळूहळू उभी राहिली. पगार निजामाच्या खजिन्यातून, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८११ पासून १८२० पर्यंत हेन्री रसेल हैदराबादला रेसिडेंट होता. त्यानं या फौजेच्या काही पलटणी नव्या पद्धतीनं घडवल्या, म्हणून त्यांना रसेलचं नाव चिकटलं. पुढे सगळ्या फौजेला 'हैदराबाद कंटिंजंट' म्हणू लागले. मुख्य ठाणं हैदराबादजवळ बोलारमला. बाकीची ठाणी औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर अशी पसरलेली. मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडच्या नकाशावर ही नावं जोडली की लक्षात येतं, ही फौज परक्या शत्रूसाठी नव्हती. मुलूख मुठीत ठेवण्यासाठी होती.

तिचा खर्च निजामाला झेपला नाही. पगार थकले, कर्ज चढलं, आणि १८५३ मध्ये त्या बदल्यात वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. वऱ्हाड म्हणजे काळी जमीन आणि कापूस. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाकडून तोच प्रांत वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचा भाड्यानं लिहून घेतला. छावणीत बंगले, तबेले, दारूखाने चालत होते, त्यातला किती पैसा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या सारावसुलीतून आला, याचा विचार मी बरेचदा करतो. बराक सरकारनं बांधली असं आपण सहज म्हणतो. ती बांधली शेतसाऱ्यानं.

कंटिंजंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. हा शब्दही मराठ्यांच्या लष्करातून उचललेला. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. इंग्रजांनी नाव आणि रीत दोन्ही घेतलं, कारण त्यात सरकारचा खर्च वाचत होता. हिंदी सैनिकाच्या निवाऱ्याचंही तसंच. गोऱ्या सैनिकासाठी भक्कम भिंतींच्या बराकी बांधल्या जात. देशी सैनिकाची असे 'लाइन', म्हणजे ओळीनं उभ्या केलेल्या झोपड्या, आणि त्या बहुतेक ठिकाणी त्यानं स्वतःच उभारायच्या. सरकार छपरासाठी थोडे पैसे हातावर ठेवी. बराकीत राहणं हा फौजेतल्या बहुसंख्य हिंदी माणसांच्या वाट्याला बराच उशिरा आलेला मान आहे.

१८५७ च्या जूनमध्ये या छावणीनं आपल्या इतिहासातला सर्वांत वाईट आठवडा पाहिला. पहिल्या घोडदळातल्या स्वारांना कळलं की आपल्याला उत्तरेकडे, दिल्लीच्या बादशहाच्या माणसांवर चालून जायचं आहे. त्यांनी नकार दिला. कॅप्टन अॅबट त्यांचा अधिकारी. पुण्याहून जनरल वुडबर्न गोरे घोडेस्वार, पायदळ आणि तोफा घेऊन औरंगाबादेत पोचला आणि स्वारांना कवायतीच्या मैदानावर उभं केलं. नावं पुकारली जात असताना मीर फिदा अली या दफेदारानं अॅबटवर पिस्तूल झाडलं. नेम चुकला. त्याला फाशी दिली गेली. बाकीच्यांपैकी काही घोड्यांवरून निसटले, काही पकडले गेले, काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. ज्या ठिकाणी या शिक्षा झाल्या त्याला शहरानं काळा चबुतरा म्हटलं. आज तिथे क्रांती चौक आहे, आणि या शहरातला प्रत्येक मोर्चा तिथूनच निघतो. १८५७ चं नाव निघालं की आपण मीरत, झाशी, कानपूर म्हणतो. आपल्या दाराशी घडलेलं विसरतो. मीर फिदा अलीचं नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

त्यानंतरची चाळीस-पंचेचाळीस वर्षं छावणीच्या रोजच्या रहाटीत गेली: बिगूल, कवायत, तबेले, हजेरी, बदलीवर येणारे-जाणारे अधिकारी. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. घोडदळाच्या एका तुकडीची २० वी डेक्कन हॉर्स झाली, पायदळांना ९४ पासून ९९ पर्यंतचे क्रमांक मिळाले, त्यात दोघींच्या नावात रसेल राहिला आणि एकीच्या नावात वऱ्हाड. हीच डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडच्या बाजूला भाले सरसावून धावली. मशीनगनच्या युद्धात घोडदळानं केलेल्या मोजक्या हल्ल्यांपैकी तो एक. निजामाच्या मुलखात जन्मलेली फौज तिथपर्यंत पोचली.

इथून मला छावणी या गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनं पाहायचं आहे, आणि ती बाजू आपल्या महाविद्यालयाच्या जास्त जवळची आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. महू हे लष्करी ठाणं आहे, याकडे आपण तेवढं लक्ष देत नाही. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार, आजोबा मालोजीही फौजेतलेच. रामजी लष्करी शाळेत शिकवत आणि मुख्याध्यापक होते. कंपनीच्या फौजेत हिंदी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं, मुलींनासुद्धा. याची नोंद बाबासाहेबांनी स्वतः करून ठेवली आहे. गावातल्या शाळेत ज्याला उंबऱ्याच्या आत घेतलं जात नसे, त्याला छावणीतल्या शाळेत बाकावर बसता येत होतं. महारवाड्यातला माणूस फौजेत गेला की त्याच्या हाती बंदूक येई, अंगात गणवेश येई, आणि या दोन्हींहून जास्त टिकणारी गोष्ट म्हणजे अक्षर येई. पेन्शनीवर गावी परतलेले सुभेदार, जमादार, हवालदार त्या अक्षराच्या बळावर अर्ज लिहू लागले, सभा भरवू लागले. आपल्या चळवळीची पहिली पिढी अशा पेन्शनर सैनिकांमधून वर आली.

मग १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारनं धोरण बदललं. 'लढाऊ जाती' नावाची कल्पना पुढे आणून महारांची फौजेतली भरती बंद केली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी कोरेगावला, मुलतानला, काबूलच्या वाटेवर रक्त सांडलं होतं, त्यांच्यासाठी छावणीचं फाटक लागलं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुण्याहून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यापर्यंत गाऱ्हाणं नेलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभी केली, आणि युद्ध सरल्यावर काही वर्षांतच मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. ही पन्नास वर्षं मोजताना मी नोकऱ्या मोजत नाही, छावणीतल्या शाळा मोजतो. एका समाजाच्या दोन पिढ्यांची ती शाळा बुडाली होती.

औरंगाबादच्या छावणीवरून पश्चिमेला जो रस्ता जातो तो पडेगाव, मिटमिटा, शरणापूरवरून दौलताबादला पोचतो. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला आले, तेव्हा दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. दिवस रमजानचे होते. दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्यानं या मंडळींनी धुळीनं माखलेले हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून तिथे जमलेला जमाव त्यांच्या अंगावर आला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून एक हत्यारी शिपाई सोबत दिला गेला. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस, आणि त्याच्यामागे पाण्यावर पहारा ठेवणारा बंदूकधारी! हौदापासून आपल्या छावणीपर्यंत अंतर असेल पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर. तिथे सोळा वर्षांनी याच माणसानं महाविद्यालय उघडलं. मी दौलताबादला जातो तेव्हा त्या दरवाजापाशी दोन मिनिटं उभा राहतो. आपल्या विद्यार्थ्यांनीही राहावं.

चार वर्षांनी, ३० डिसेंबर १९३८ ला, कन्नडजवळ मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकारानं परिषद भरली. निजामाच्या राज्यातली ही सभा. बाबासाहेब आले, माणसं डोंगर-नद्या ओलांडून आली. मराठवाड्यातल्या अस्पृश्य समाजाची अवस्था बाबासाहेबांनी तिथे जवळून पाहिली. माझी समजूत अशी आहे की औरंगाबादेत महाविद्यालय काढण्याचा विचार १९५० मध्ये एकदम सुचलेला नाही. दौलताबादचा हौद आणि मक्रणपूरची गर्दी यांच्यात तो आधीच रुजला होता.

त्या वेळच्या मराठवाड्यात शिकणं किती अवघड होतं, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावं लागतं. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद. तिथलं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, शिकवण्याची भाषा उर्दू. त्या प्रयोगाचं मोल मी कमी मानत नाही. हिंदुस्थानी भाषेतून वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकवण्याचं धाडस त्यांनी केलं, आणि आपल्या औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक यांनी उर्दूची जी सेवा केली ती या शहराचं भूषण आहे. पण परभणीच्या किंवा बीडच्या मराठी शेतमजुराच्या मुलापुढे आधी भाषेची भिंत होती, मग अंतराची, मग पैशांची, आणि या सगळ्यांच्या आधी जातीची. औरंगाबादेत इंटरमीडिएटपर्यंतची सोय होती. पदवी हवी असेल तर रात्रभराची मीटरगेज गाडी धरून घर सोडायचं. ज्याच्या घरात दोन वेळची भाकरी नाही, त्यानं हे कसं करायचं?

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजामानं शरणागती पत्करली. आधी जनरल चौधरींचा लष्करी अंमल, मग २६ जानेवारी १९५० पासून वेल्लोडींचं मंत्रिमंडळ. राज्य नवं, माणसं बावरलेली, दंगलींच्या जखमा ओल्या. अशा वेळी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथे महाविद्यालय सुरू केलं. स्वतः बाबासाहेब केंद्रात कायदामंत्री. जानेवारीत राज्यघटना अमलात आली, जूनमध्ये महाविद्यालय उघडलं. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी मी वेगळ्या मानत नाही. घटनेनं संधीची समानता लिहिली. ती घेण्यासाठी मराठवाड्यातल्या मुलाला आधी बसायला जागा हवी होती.

आणि जागा मिळाली ती छावणीत. इंग्रजांची फौज गेलेली, निजामाचं राज्य संपलेलं. छावणीतल्या बराकी संस्थेला वर्गांसाठी वापरता आल्या. बाबासाहेबांनी हे पहिल्यांदा केलं असंही नाही. सोसायटी स्थापन झाली ८ जुलै १९४५ ला, आणि पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ ला, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं तेही मरीन लाइन्सच्या बाजूला युद्धकाळात उभारलेल्या लष्करी बराकींत. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. युद्ध संपलं, फौजा घरी निघाल्या, देशभर अशी शेकडो छपरं रिकामी झाली. त्या छपरांचं काय करायचं, हे त्या त्या ठिकाणच्या माणसांनी ठरवलं. कल्याणजवळच्या लष्करी तळावर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं उतरली आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. तिथले लोक आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असाच पत्ता सांगतात. बाबासाहेबांनी दोन्ही वेळा रिकाम्या बराकीत फळा लावला. इमारत बांधून होईपर्यंत थांबू, हा विचार त्यांना मानवणारा नव्हता. एक वर्ष थांबायचं म्हणजे मुलांची एक तुकडी कायमची बाहेर ठेवायची, हा हिशेब त्यांना आपल्या समाजाच्या गेलेल्या पन्नास वर्षांनी शिकवला होता.

बराकीत वर्ग कसा भरत असेल? बराक म्हणजे लांबच लांब खोली. खाटांच्या दोन ओळी आणि मध्ये चालायला वाट, एवढ्या हिशेबानं आखलेली. उष्ण प्रदेशातल्या बराकीच्या भिंती जाड, छप्पर उंच, दोन्ही अंगांना व्हरांडा आणि वर झरोके. गारव्यासाठी ही रचना चांगली, शिकवण्यासाठी अवघड. लांबट खोलीत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला शिक्षकाला घसा ताणावा लागतो. पाऊस पडायला लागला की छपराचा आवाज सगळ्यावर मात करतो, आणि महाविद्यालय सुरू झालं ते नेमकं जूनमध्ये. विज्ञानाच्या प्रयोगशाळेला पाणी लागतं, गटार लागतं, गॅस लागतो. यातलं काहीही खाटा ठेवण्यासाठी बांधलेल्या खोलीत नसतं. मी स्वतः पुढे दोन तप शिकवलं, तेव्हा खडू ओला झाला तरी कुरकुर करत असे. त्या पहिल्या शिक्षकांनी काय आणि कशात शिकवलं असेल, हे आठवलं की माझ्या कुरकुरीची मला लाज वाटते.

त्या काळात ज्यांनी हा गाडा ओढला त्यांत दोन नावं घेतलीच पाहिजेत. प्राचार्य म. भि. चिटणीस हे त्यातलं एक. त्यांनी महाविद्यालयाला शिस्त दिली, आणि नाटकही दिलं. त्यांचं 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केलं, आणि पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात अफाट जनसमुदायापुढे. दुसरे बळवंतराव वराळे. बेळगावकडचे हे कार्यकर्ते बाबासाहेबांच्या शब्दाखातर औरंगाबादेत येऊन राहिले आणि संस्थेच्या व्यवस्थेचा, बांधकामाचा भार त्यांनी वाहिला. 'डॉ. बाबासाहेबांचा सांगाती' हे त्यांचं पुस्तक प्रत्येक नव्या प्राध्यापकाच्या हाती द्यावं, असं माझं मत आहे. विटा, चुना, मजुरी, उसनवारी यांच्या तपशिलातून संस्था कशी उभी राहते ते त्यात दिसतं.

१ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपतींच्या हस्ते कोनशिला बसली तेव्हा बाबासाहेब अजून कायदामंत्री होते. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी हिंदू कोड बिलावरून राजीनामा दिला. दिल्लीतलं मंत्रिपद सुटत होतं आणि इथे पाया भरला जात होता. छावणीजवळच्या त्या उघड्या माळाला त्यांनी नागसेनवन म्हटलं आणि महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येकडे राज्य करणारा ग्रीक राजा. भल्याभल्यांना वादात हरवणारा, पण भिक्खू नागसेनाशी झालेल्या संवादात स्वतःची हार मोकळेपणानं मान्य करणारा. 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ त्या प्रश्नोत्तरांचा. या नावात एक राजा आहे, फौजेचा धनी, आणि तो प्रश्न विचारायला गुरूसमोर बसला आहे. लष्करी छपराखाली सुरू झालेल्या महाविद्यालयाला यापेक्षा नेमकं नाव मिळालं नसतं.

माळावर झाडं लावण्याचा बाबासाहेबांचा आग्रह सर्वांना माहीत आहे. आज नागसेनवनातून जाताना जी सावली अंगावर येते ती त्या आग्रहाची.

पुढचं सगळं या स्मरणिकेत इतरांनी विस्तारानं लिहिलं आहे, म्हणून मी धावता उल्लेख करतो. पहिली काही वर्षं आपण उस्मानियाशी संलग्न होतो. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं आणि तेही आपल्या शेजारीच. कला, विज्ञान वेगळे झाले, वाणिज्य आलं, विधी आलं, शारीरिक शिक्षण आलं. अजिंठा वसतिगृहाच्या खोल्यांतून मुलं रात्र रात्र वाचत बसली. म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे इथे शिकवत असताना दलित साहित्याची चर्चा आकाराला आली आणि 'अस्मितादर्श' निघालं. १९७८ ते १९९४ या विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याच्या सोळा वर्षांत नागसेनवनानं जे सोसलं त्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा. या सगळ्याची सुरुवात मी छावणीत मानतो. कवायतीसाठी वसलेल्या त्या आवारात जून १९५० मध्ये मुलांच्या नावांनी हजेरी घेतली गेली. नाव, आडनाव, गाव. ज्या मुलाला गावच्या शाळेत बाहेर बसवून 'ए' म्हणून हाक मारली जायची, त्याला इथे पूर्ण नावानं पुकारलं गेलं आणि त्यानं 'हजर' म्हटलं. ज्यांना १८९२ नंतर छावणीच्या फाटकातून परत पाठवलं होतं त्यांचे नातू-पणतू तशाच फाटकातून आत आले होते, आणि या वेळी हातात वही होती.

अमृतमहोत्सवाच्या निमित्तानं माझं एक मागणं आहे, संस्थेकडे आणि माजी विद्यार्थ्यांकडे. पहिल्या तुकडीतली मुलं आता नव्वदीच्या पुढे असतील. जी हयात आहेत त्यांच्या घरी जाऊन, बोलतं करून, त्यांचा आवाज नोंदवून घ्यायला हवा: बराकीत बसायला काय होतं, डबा कुठे खात, छावणीतून संध्याकाळी परतताना लोखंडी पुलावर काय बोलत. जी गेली त्यांच्या घरच्या ट्रंकांत एखादं ओळखपत्र, फीची पावती, वर्गाचा फोटो पडलेला असेल. तो मागून आणावा. आणि छावणीत, लष्कराची रीतसर परवानगी घेऊन, एक साधी दगडी पाटी बसवावी. तिच्यावर फार लिहू नये. एवढं पुरे: 'जून १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालयाचे पहिले वर्ग या छावणीतील बराकींत भरले.' खाली वलंगकरांचं, कांबळ्यांचं आणि सुभेदार रामजी सकपाळांचं नाव असावं.